महाबळेश्वर : आठ कोरड्या महिन्यांची हिरवाई

महाबळेश्वरच्या हिरवाईचे सगळे श्रेय आपण पावसाला देऊन मोकळे होतो. वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडत असेल तर झाडी हिरवी राहण्यात नवल ते काय? पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि जांभ्याच्या पठारावरून बहुतांशी कृष्णा, कोयना, सावित्रीच्या खोऱ्यांत उतरून जातो. पुढचे सात-आठ महिने पठार कोरडेच. सह्याद्रीच्या पार दक्षिण टोकाला, केरळात, सदाहरित जंगलाला जेमतेम दोन-तीन महिने कोरडे काढावे लागतात. म्हणून इथे विचारायला हवे ते हे, की पाऊस नसताना ही पाने टिकतात कशी.

उत्तर अंजनीकडे आहे. जांभूळ आणि पिसा यांच्यासह अंजनी इथे इतकी आहे की वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जंगलाचा प्रकारच या तिघांच्या नावाने ओळखला. वारा आणि पातळ माती यांमुळे ती पुष्कळ ठिकाणी झुडपाएवढीच राहते. तिचे पान चिवट, चामड्यासारखे, वरून मेणचट. ते बारा महिने हिरवे दिसते, पण बारा महिने सारखे वागत नाही. पावसाळ्यात पाणी मुबलक, पण ढग आणि धुक्यामुळे उजेड तोकडा. अन्न तयार करण्याचा वेग तिथेच अडतो. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तेव्हा उलटे घडते. ऊन लख्ख, पण थंडीने पानातली रासायनिक कामे मंदावलेली. न वापरलेला प्रकाश हरितद्रव्याला इजा करू शकतो, म्हणून सदाहरित पाने त्यातला बराचसा उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी झाली की पर्णरंध्रे सकाळी उघडी राहून दुपारी मिटू लागतात. पाणी वाचते, पण तेवढा वेळ हवेतला कार्बन आत येत नाही. तरीही याच उन्हाळ्यात अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लागतात. हे पान नुसता तग धरून नसते, कामही करत असते, हे त्या फुलांवरून कळते.

यावर कोणी म्हणेल, ही तर दव-धुक्याची किमया. दवाने सकाळ सुसह्य होते, हे खरे. पण त्याच उतारांवरची, तेच दव अंगावर घेणारी कारवी कोरड्या दिवसांत पाने टाकून काटक्यांसारखी उभी असते. दवच कारण असते, तर कारवीही हिरवी राहिली असती. फरक पानाच्या घडणीत आहे. कारवीचे पान मोठे, पातळ आणि स्वस्त. टाकले तरी पुढच्या पावसात नवे करता येते. अंजनीचे पान महाग. पोषणद्रव्यांत गरीब असलेल्या जांभ्यावर ते दरवर्षी नव्याने घडवण्यापेक्षा टिकवणे परवडते. शिवाय पाणी आणि ऊन दोन्ही जुळून येतात ते दिवस इथे विखुरलेले असतात : पाऊस ओसरल्यानंतरचे आठवडे, हिवाळ्यातल्या उबदार दुपारी, एखादा वळीव. झाडावर आधीच असलेले पानच ते सगळे दिवस पकडू शकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाईच्या बाजूला उतरताना पाऊस झपाट्याने घटतो आणि पानझडी झाडी वाढत जाते. मग पाऊसच निर्णायक नाही का? एका अर्थी आहे. खडकाच्या भेगांतला आणि मातीतला साठा तोच भरतो, आणि साठाच नसेल तर काटकसरीलाही अर्थ नाही. पण भरलेला साठा आठ महिने पुरवायचा, तर खर्चावर हात आखडता हवा, आणि तो हात पानाचा आहे. अंजनीच्या दाट सावलीखाली मातीचा ओलावाही उघड्या पठारापेक्षा अधिक टिकतो. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. त्या संरक्षणात उंच झाडांइतकेच मोल या खुरट्या अंजनीला द्यायला हवे, कारण ती तोडली की पठाराचा तो पातळ मातीचा थर पुढच्याच जूनमध्ये सहा हजार मिलिमीटरच्या माऱ्याखाली उघडा पडतो.