खिशातली वही

कामगार संघटनेचे काम करू लागलेल्या माणसाला पहिला धडा मिळतो तो वहीचा. सभासदांच्या नावांची वही परक्या हाती पडू द्यावयाची नाही. कारण ती मालकाकडे गेली की कोणाला दमात घ्यावे आणि कोणाची बदली करावी, हे त्याला बसल्या जागी कळते. तशीच एक वही आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ती म्हणजे स्मार्टफोनमधील संपर्कयादी.

“आमच्याजवळ लपवण्यासारखे आहे तरी काय?” असे पुष्कळ सज्जन विचारतात. आमच्या एका सभासदाचेही म्हणणे हेच होते. मुलीच्या फीसाठी त्याने एका अ‍ॅपवरून थोडे कर्ज काढले. अ‍ॅपने संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागितली. त्याने न वाचताच ती दिली. पुढे हप्ता चुकला, आणि वसुलीवाल्यांचे फोन गेले त्याच्या मेहुण्याला, मुलीच्या शिक्षिकेला आणि खुद्द आम्हालाही. तो आठ दिवस कामावर तोंड दाखवीना. खरी मेख येथेच आहे : परवानगी त्याची होती, पण नावे दुसऱ्यांची होती. त्यांना कोणी विचारले होते?

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने दिला. कर्जाच्या अ‍ॅपांनी ग्राहकाची संपर्कयादी, कॉलच्या नोंदी व फायली यांना हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले. कॅमेरा वा ठिकाण हवेच असेल, तर ते ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने आणि केवळ एकदाच, ओळख पटवण्यापुरते. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. परंतु जे सावकार रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाबाहेर राहूनच धंदा करतात, ते हे नियम कशाला पाळतील?

म्हणून पहिला पहारा आपलाच. फोनच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांचे पान असते. तेथे कोणते अ‍ॅप संपर्क, ठिकाण, मायक्रोफोन आणि फोटो पाहू शकते, हे दिसते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : तुझे काम काय आणि तुझी मागणी काय? नकाशाला ठिकाण लागते, तेही वापरापुरते. विजेरीला संपर्कयादी कशाला? मागणी कामाशी जुळत नसेल, तर परवानगी काढून घ्यावी. मात्र एकदा बाहेर गेलेली यादी त्याने परत येत नाही. तेव्हा नकार द्यावयाचा तो आरंभीच.

मालकाशी करार करताना आम्ही प्रत्येक कलम वाचूनच सही करतो, कारण ती सही सर्वांच्या वतीने असते. फोनवर टेकवलेले बोट हीदेखील तशीच सही आहे.