गोळी नडते तेव्हा

छाती धडधडते, हात थरथरतात, पोटभर जेवूनही वजन उतरत जातं. थायरॉइड ग्रंथी अति काम करू लागली की माणूस असा आतून झिजतो. शंभर वर्षांपूर्वी यावर मुख्य भरवसा होता तो सुरीचा. बर्नच्या थिओडोर कोखर यांनी गळ्याची ही जोखमीची शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित केली. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं. १९२३ मध्ये मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी शस्त्रक्रियेआधी आयोडीन पाजून ग्रंथी शांत करण्याची रीत रुळवली. मात्र तो असर काही आठवड्यांपुरताच. तेवढ्यात ऑपरेशन उरकावं लागे.

१९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ यांनी रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं. दोनच वर्षांनी त्याच शहरात एडविन ॲस्टवुड यांनी संप्रेरकाची निर्मितीच रोखणारं औषध वापरून दाखवलं. १९४७ मध्ये त्याच कुळातलं पीटीयू अमेरिकेत आलं, मागून मेथिमॅझोल आणि आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं कार्बिमॅझोल. चिरफाड टळली. सुरी मागे पडली.

काही थोड्या रुग्णांच्या यकृताला मात्र ही गोळी सोसेना. २००९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने पीटीयूमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या ३२ घटना मांडल्या. त्यांत १३ मृत्यू होते, ११ जणांना यकृत बदलावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी औषधावर सर्वांत कडक इशारा छापला गेला. मेथिमॅझोल आणि कार्बिमॅझोलनेही क्वचित कावीळ होते.

पेच असा, की वाढलेला थायरॉइडही यकृताच्या चाचण्या बिघडवतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधीच रक्त तपासून ठेवलेलं बरं. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं दिसलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. इजा गंभीर असेल तर सहसा त्याच कुळातली दुसरी गोळीही देत नाहीत. धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल, आतड्यातलं संप्रेरक धरून ठेवायला कोलेस्टिरामीन, अशी तात्पुरती डागडुजी होते. मग पाळी येते ती जुन्याच वाटांची: प्लमरचं आयोडीन पाजून कोखरची सुरी, नाहीतर हर्ट्झचं किरणोत्सारी आयोडीन. गरोदरपणात मात्र ते वर्ज्य. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना १९६३ ची. किरणोत्सारी आयोडीनची वाट आपल्याकडेही जुनीच आहे.

या दोन्ही वाटांनी गेलेल्या बहुतेकांना पुढे रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घ्यावं लागतं, जन्मभर. गोळी सुटत नाहीच. फक्त ही यकृताला सोसते.