जात्यांवर बंदी आणि मजुरीला लगाम

इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स या नगरात जून १३८१मध्ये एक विलक्षण घटना घडली. बंडखोर नगरवासी तेथील बलाढ्य ख्रिस्ती मठात शिरले आणि एका दालनाची फरशी त्यांनी उखडून काढली. ती फरशी जात्यांच्या दगडांची होती. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने नगरवासीयांची हातजाती जप्त करून मठात बसवली होती. बंडखोरांनी त्या दगडांचे तुकडे करून आपसांत वाटून घेतले.

घरी दळण दळण्यास मनाई का असावी, याचे उत्तर सरंजामी व्यवस्थेत सापडते. गिरणी जमीनदाराच्या मालकीची असे आणि दळणाबद्दल धान्याचा ठराविक हिस्सा त्याला द्यावा लागे. घरात जाते फिरले की त्याचे उत्पन्न बुडे. मठ हाही एक मोठा जमीनदारच होता. या व्यवस्थेच्या तळाशी असलेल्या भूदासाला आठवड्यातील काही दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागे. मुलीच्या लग्नासाठी शुल्क भरावे लागे. घरचा कर्ता मरण पावला, तर गोठ्यातील सर्वोत्तम जनावर जमीनदाराकडे जाई. तक्रार करायची, तर न्यायालयही जमीनदाराचेच.

महामारीने बदललेले गणित

१३४८मध्ये इंग्लंडमध्ये प्लेगचा शिरकाव झाला. अल्पावधीत देशातील एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या मृत्युमुखी पडली, असे इतिहासकार मानतात. शेते तेवढीच राहिली, राबणारे हात मात्र घटले. साहजिकच मजूर अधिक मजुरी मागू लागले. न मिळाल्यास दुसऱ्या गावी जाऊ लागले. तेव्हा राजा तिसरा एडवर्ड याच्या राजवटीने १३४९मध्ये हुकूम आणि १३५१मध्ये कायदा करून मजुरी महामारीपूर्वीच्या पातळीवर गोठवली. गवत वाळवून गोळा करण्याची दिवसाची मजुरी ठरली एक पेनी. साठ वर्षांखालील धडधाकट निर्धनाला मिळेल ते काम नाकारण्याची मुभा उरली नाही. गुन्हेगारांचे पाय खोड्यात अडकवण्याची सोय गावोगावी करण्यात आली. कायद्याची अंमलबजावणी करणारे न्यायाधीश बहुधा स्थानिक जमीनदारच होते.

डोईपट्टीची ठिणगी

त्यातच फ्रान्सबरोबरच्या दीर्घ युद्धाचा खर्च भागवण्यासाठी डोईपट्टी लादण्यात आली. १३७७मध्ये ती माणशी ४ पेन्स होती; १३८०मध्ये पंधरा वर्षांवरील प्रत्येकामागे १२ पेन्स झाली. म्हणजे कायद्याच्या दराने गवत गोळा करणाऱ्या मजुराची बारा दिवसांची कमाई! मे १३८१च्या अखेरीस एसेक्समध्ये करवसुलीवरून बंडाचा भडका उडाला. वॉट टायलर याच्या नेतृत्वाखाली १३ जूनला बंडखोर लंडनमध्ये घुसले. दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड याने भूदासपद्धती रद्द करण्याचे लेखी वचन दिले. ठिकठिकाणी जमीनदारांची दप्तरे जाळण्यात आली. कारण कोण कुणाचा भूदास, याचा पुरावा त्या दप्तरांतच होता.

१५ जूनला राजासमोर बोलणी सुरू असतानाच टायलर मारला गेला. जुलैच्या आरंभी राजाने दिलेली वचने मागे घेतली आणि १५ जुलैला बंडाचा धर्मोपदेशक जॉन बॉल याला सेंट ऑल्बन्स येथेच देहदंड देण्यात आला.

बंड चिरडले गेले. मनुष्यबळाची टंचाई मात्र कायम राहिली. कायद्याने मजुरी रोखता येते, पण मजूर निर्माण करता येत नाहीत. शेती पडीक राहण्यापेक्षा ती रोख खंडाने कसायला दिलेली बरी, हे जमीनदारांना हळूहळू उमगले. त्यामुळे पंधराव्या शतकात, कोणताही कायदा न होता, इंग्लंडमधील भूदासपद्धती बव्हंशी विरून गेली. राजाने मोडलेले वचन असे परिस्थितीनेच पाळायला लावले.