तीन पायांवरचा राखणदार

तिवई तुम्ही पाहिली आहे. तिला पाय तीनच असतात. तरी ती डुगडुगत नाही. तीन पाय नीट जागी असले म्हणजे तोल राहतो. आज आम्ही तीन पायांच्या कुत्र्याविषयी सांगणार आहोत.

कुत्रा मोटारीखाली सापडतो. रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात त्याचा पाय अडकतो. कधी हाडाला रोग होतो. पाय वाचण्याजोगा नसेल तर जनावरांचे डॉक्टर तो कापून काढतात. कुत्रा वाचतो. तो घरी आला की शेजारी म्हणतात, "आता हा काय कामाचा? द्या सोडून रानात."

असे मुळीच करू नका. उपाशी मरेल अशा जागी जनावर सोडून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय पाय गेला म्हणजे कुत्रा गेला असे नव्हे. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उठून उभी राहतात. महिन्याभरात बहुतेकांना तीन पायांची सवय होते. मात्र त्यांना मदत लागते. या मदतीला पैसा थोडा लागतो, वेळ जास्त लागतो.

आधी वजनाचा हिशेब पाहू. 20 किलोचा कुत्रा घ्या. त्याचे सुमारे 12 किलो वजन पुढच्या दोन पायांवर असते. म्हणजे एकेका पायावर 6 किलो. राहिलेले 8 किलो मागच्या पायांवर. म्हणजे एकेकावर 4 किलो. असे का? डोके, मान आणि छाती पुढे असते म्हणून. आता तुम्हीच सांगा, कोणता पाय गेला तर जास्त जड जाईल? बरोबर. पुढचा. म्हणून पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला जास्त दिवस द्या.

पहिले दोन आठवडे

टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. तोवर पळणे, उड्या आणि पायऱ्या बंद. पण कुत्र्याला दिवसभर एका जागी बांधूनही ठेवू नका. अंग आखडते. दिवसातून चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटे, दोरी धरून सावकाश चालवा.

चालताना आधार द्या. जुन्या पंचाची लांब घडी करा. मागचा पाय गेला असेल तर ती पोटाखालून घाला. पुढचा गेला असेल तर छातीखालून घाला. दोन्ही टोके वर हातात धरा. कुत्र्याला उचलायचे नाही, फक्त पडू द्यायचे नाही. पंचा जखमेवर घासू देऊ नका.

जखमेला हळद, चुना, राख, रॉकेल काही लावू नका. कुत्र्याला ती चाटू देऊ नका. माणसाची दुखण्याची गोळी तर कधीच देऊ नका. आयबुप्रोफेनच्या गोळीने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंड बिघडते. औषध डॉक्टर देतील तेच द्या.

घरात शहाबादी फरशी आहे का? मग तीवर तरट पसरा. कुत्रा एकदा घसरला की घाबरतो. मग उठायचे नावच घेत नाही. नखे वाढलेली असली तरी पाय घसरतो, म्हणून ती कापून घ्या.

टाके निघाल्यावर

आता ताकद आणायची. डॉक्टरांना विचारून सुरुवात करा.

पहिला व्यायाम असा. कुत्र्याला उभे करा. त्याच्या खांद्याला तळवा लावून हलकेच ढकला, पाळण्याला झोका देतात तसे. तो अंग सावरून धरील. मग कमरेला तसेच करा. पाच-सहा वेळा पुरे. या सावरण्यातूनच तो तोल शिकतो.

दुसरा व्यायाम. भाकरीचा तुकडा नाकापुढे धरा. तो डावीकडे न्या, उजवीकडे न्या, वर न्या, खाली न्या. कुत्रा पाय न हलवता मान वळवील. त्याबरोबर वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाईल. हे जमले की त्याला गोधडीच्या जाड घडीवर उभे करून हेच करा. मऊ जागी तोल सांभाळायला जास्त जोर लागतो.

तिसरा व्यायाम. तीन-चार काठ्या थोड्या थोड्या अंतरावर जमिनीवर आडव्या ठेवा. त्या एकेक करून सावकाश ओलांडू द्या.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तीन पायांच्या कुत्र्याला सावकाश चालण्यापेक्षा टणाटण पळणे सोपे जाते. तो पळाला की घरची माणसे म्हणतात, "झाला बरा!" पण सावकाश चालण्यानेच एकेक पाय भार घ्यायला शिकतो. म्हणून दोरी धरा आणि चालवा.

फिरणे आठवड्याला थोडे थोडे वाढवा. आजारातून उठलेल्या मुलाला आम्ही पहिल्याच दिवशी सगळे पाढे म्हणायला लावत नव्हतो. तसेच हे. कुत्रा धापा टाकू लागला, पाय थरथरू लागला किंवा खाली बसला, तर त्या दिवसाचे काम संपले. दुसऱ्या दिवशी तो जास्त अडखळत चालला, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजा.

संध्याकाळी पाठ, खांदे आणि उरलेले पाय पाच मिनिटे हलक्या हाताने चोळा. कुठे हात लावल्यावर तो अंग चोरतो ते कळते.

लाडाने वजन वाढवू नका

बिचारा म्हणून घरची माणसे त्याला दोन घास जास्त घालतात. हे लाड त्याला महाग पडतात. चार किलो वजन वाढले तर ते उचलायला पाय तीनच! बरगड्या हाताला लागाव्यात, इतपत अंग असावे. पुढचा पाय गेला असेल तर जेवणाचे भांडे पाटावर ठेवा, म्हणजे फार वाकावे लागत नाही.

जखम सुजली, पू आला, घाण वास आला, कुत्रा खाईना किंवा सारखा कण्हू लागला, तर थांबू नका. जनावरांच्या दवाखान्यात न्या.

बरा झाला की त्याला झेपेल ते काम द्या. मेंढरांमागे दिवसभर पळणे आता त्याला जमणार नाही. बैलगाडीवरून उडीही मारू देऊ नका. पण वाड्याची राखण तो करील. वास घ्यायला नाक आहे, ऐकायला कान आहेत, भुंकायला गळा आहे. रात्री चोराची चाहूल लागली की राखणदार पाय मोजत बसत नाही. तो भुंकतो, आणि घर जागे होते.