शनिवार तेल्यांची शाळा

आमच्या सातारा-सांगलीकडं ज्यू माणूस सहसा भेटत नाही. त्यासाठी घाट उतरून कोकणात जावं लागतं. पेण, रोहा, अलिबाग या भागात शतकानुशतकं राहिलेली ही माणसं, म्हणजे बेने इस्राएल. आडनावं पेणकर, रोहेकर, केहिमकर. भाषा मराठी. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'.

त्यांच्याजवळ धर्मग्रंथ उरला नव्हता, हिब्रूही विसरली होती. उरलं होतं ते शनिवारचं पाळणं, मुलांची सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. त्यांच्यात एक कथा सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा कुणी ज्यू कोकणात आला. त्यानं बायकांपुढं मासळी ठेवली. त्यांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले, तेव्हा त्यानं ओळखलं, हे आपलेच. मग त्यानं तिघांना निवडून धर्म शिकवला. त्यांना म्हणू लागले 'काजी'. हा शब्द आमच्या घरातला! तो त्यांच्या गावकीतही होता, याची मला मोठी मौज वाटते.

चुलीपाशी मिळालेलं शिक्षण त्यांना इथवर घेऊन आलं. मात्र मुंबईला नोकरीला गेल्यावर तेवढ्यावर भागेना. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांत त्यांची मुलं जाऊ लागली. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. पण ख्रिस्ती झाले फार थोडे. हिब्रू मात्र परत मिळाली. पुढं जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या आणि 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. तीच आजची माझगावची सर एली कदूरी शाळा. मुलांना व्यवहाराचं शिक्षण मिळावं आणि हिब्रूही यावी, ही त्यांची दृष्टी होती.

मला सर्वांत भावते ती पेसाहची रात्र. मिसरच्या गुलामीतून सुटल्याची ती आठवण. घरातल्या सर्वांत धाकट्या पोरानं प्रश्न विचारायचे: आजची रात्र वेगळी का? आज बिनखमिराची भाकरीच का? कडू पाला कशासाठी? वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यायचं. पोरानं विचारलंच पाहिजे, असा नियम आहे. त्या रात्री वाचायची पोथी, 'हग्गादा', 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका ती भाकरी करताना दिसतात.

मी लहानपणी मशिदीच्या पडवीत अरबी शिकलो. पाठांतर चोख होतं. एकदा अर्थ विचारला, तर छडी बसली. मारणारा माणूस वाईट नव्हता. त्यालाही कुणी अर्थ सांगितला नसावा. म्हणून राजपूरकरांसारख्यांचा मला हेवा वाटतो. त्यांनी परकी झालेली आपली भाषा मायबोलीतून पोरांच्या हाती दिली.

पुढं 1948 मध्ये इस्राएल झालं आणि बहुतेक कुटुंबं हळूहळू तिकडं गेली. तिथं नातवंडांना हिब्रू शिकवावी लागत नाही, मराठी शिकवावी लागते! आजोबांनी तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, ते उगाच नव्हे. इथं उरले काही हजार, बरेचसे मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे चांगलं झालं. पण वर्गात आपल्या समाजाचं दुसरं पोर नसेल, तर तेराव्या वर्षी तोरा वाचायची तयारी घरात आणि सिनेगॉगमध्येच करून घ्यावी लागते. आईबापाला दमून आल्यावर तेवढी सवड काढावी लागते. केहिमकरांच्या शाळेत आज बहुतेक मुलं ज्यू नाहीत; त्यांत मुसलमानांची पुष्कळ आहेत.

माझी नात सांगलीच्या मराठी शाळेत चौथीत आहे. संध्याकाळी कुराणाचा धडा घेऊन माझ्याजवळ बसते. परवा तिनं विचारलं, "आजोबा, याचा अर्थ काय?" मी कपाटातून मराठी भाषांतर काढलं आणि चष्मा शोधू लागलो.