मत फिरलं म्हणजे मतदार पस्तावला का?

सिहोऱ्याहून बपेऱ्याचा रस्ता धरला की पुढे बावनथडी लागते आणि नदीपलीकडे मध्य प्रदेश सुरू होतो. चांदपूर जलाशयाच्या पाण्यावर धान पिकवणारा हा पट्टा तुमसर विधानसभा आणि भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात येतो. २०१४ ते २०२४ या काळात या मतदारसंघाने लोकसभेसाठी चार वेळा मतदान केलं आणि चारही वेळा आधीचा निकाल उलटवला. २०१४ मध्ये भाजप, २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादी, २०१९ मध्ये पुन्हा भाजप, २०२४ मध्ये काँग्रेस. दर निकालानंतर एकच वाक्य ऐकू आलं: लोक पस्तावले.

काही नेते असे असतात की त्यांच्यावरून एकाच घरात दोन तट पडतात. इंदिरा गांधी तशा होत्या, नरेंद्र मोदी तसे आहेत. अशा नेत्याच्या मतदाराला कुणी काही विचारत नाही. निवडून दिलं तेव्हा त्याला आंधळा म्हणतात आणि पाडलं की शहाणा झाला म्हणतात. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि आकडे पाहिले तर ते चुकीचंही आहे.

गैरसमज : पस्तावलेला मतदार उठून समोरच्याला मत देतो

२०१४ मध्ये भाजपचे नाना पटोले यांना सुमारे ६ लाख ६ हजार मतं पडली आणि राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल ४ लाख ५७ हजारांवर थांबले. डिसेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सरकारवर टीका करत पटोलेंनी खासदारकी आणि पक्ष दोन्ही सोडले. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे यांनी भाजपचे हेमंत पटले यांना ४८ हजारांनी हरवलं. देशभरच्या वर्तमानपत्रांत मथळे आले की मोदींना मत दिलेला शेतकरी उलटला.

आता मतं मोजू. जिंकलेल्या कुकडेंना ४ लाख ४२ हजार मतं होती, म्हणजे चार वर्षांपूर्वी हरलेल्या पटेलांपेक्षाही कमी. भाजपची दोन लाखांहून जास्त मतं गेली, पण राष्ट्रवादीच्या पेटीत त्यांची भर पडली नाही. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे नाना पंचबुद्धे यांना ४ लाख ५३ हजार मतं मिळाली आणि भाजपचे सुनील मेंढे साडेसहा लाखांवर पोहोचले. राष्ट्रवादी तिन्ही वेळा साडेचार लाखांच्या आसपासच राहिली. भाजप मात्र सहा लाखांवरून चारच्या खाली उतरला आणि वर्षभरात साडेसहावर चढला.

एकूण मतांवरून कोण्या एकाचं मत कळत नाही, हे खरं. काही जण इकडून तिकडे गेलेही असतील. तरीही आकड्यांचा मोठा भाग एकच सांगतो: नाराज मतदार घरी बसला. २०१४ मध्ये सत्तर टक्क्यांच्या वर गेलेलं मतदान २०१८ मध्ये पन्नास टक्क्यांच्या थोडं वर अडलं. त्याला मे महिन्याचं ऊनही कारण होतं, उन्हाळी धानाची कापणीही होती, आणि बंद पडलेल्या यंत्रांचा गोंधळही. मतपावती दाखवणारी यंत्रं जागोजागी बिघडली आणि ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावं लागलं.

नेत्यावर रागावणं एक आणि त्याच्या विरोधकावर विश्वास बसणं वेगळं. या दोहोंच्या मध्ये बरीच मोठी जागा असते आणि मतदार तिथे वर्षानुवर्षं थांबू शकतो. २०१८ चा विजय ज्यांनी ‘लोक आपल्याकडे आले’ असा वाचला, त्यांना २०१९ मध्ये जवळपास दोन लाखांचा पराभव पाहावा लागला.

गैरसमज : तट पाडणारा नेता निवडणारे भाषणाला भुलतात

भाषणाचा परिणाम होतो, हे कुणी नाकारू नये. पण २०१७ च्या खरिपात या पट्ट्यात काय झालं ते आठवा. धान निसवलेलं असताना तुडतुडा आला. वरून पिवळं दिसणारं धान कापायला गेलं तर बुडाशी काळं पडलेलं, लोंबीत दाणा नाही. कापणीची मजुरीही निघणार नाही म्हणून कित्येकांनी उभ्या बांधीत जनावरं सोडली, कुणी पेटवून दिलं. त्याच्या आदल्या वर्षी नोटाबंदी झालेली, आणि त्याच वर्षी कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी रांगा लागलेल्या. त्यानंतर मे २०१८ चं मतदान झालं.

पोटनिवडणुकीच्या निकालानंतर महिनाभराने, जुलै २०१८ मध्ये, केंद्राने साधारण धानाचा हमीभाव क्विंटलमागे १५५० रुपयांवरून १७५० केला. एकदम २०० रुपये. फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएम-किसानचे दोन हजार खात्यात पडायला लागले. त्याच महिन्यात पुलवामा आणि बालाकोट झालं. २०१९ चा मतदार या सगळ्यातून गेलेला होता. त्यात पैशाचा हिशेब होता, देशाच्या सुरक्षिततेची काळजी होती, आणि ‘दुसरा कोण आहे?’ हा प्रश्नही होता. पोटनिवडणुकीत पंतप्रधान ठरणार नव्हता, २०१९ मध्ये ठरणार होता. तेवढ्या फरकानेही मत बदलतं.

आणखी एक गोष्ट शहरातून पाहणाऱ्याला दिसत नाही. दुभंग पाडणाऱ्या नेत्याला मत देणारा प्रत्येक जण त्या दुभंगासाठी मत देत नाही. कुणी गॅसच्या शेगडीसाठी देतो, कुणी घरकुलासाठी. कुणी गावच्या ज्या माणसाने दवाखान्यात नेलं त्याच्या शब्दावर देतो. कुणाला त्या नेत्यामुळे आपली मान ताठ झाल्यासारखं वाटतं. काहींना मात्र तो दुभंगच हवा असतो, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. आणि ज्यांच्याविरुद्ध ती भाषा वापरली जाते, त्यांना मत देणाऱ्याचं कारण शेगडी होती की द्वेष, याने फारसा फरक पडत नाही. त्यांच्या भीतीला ‘राजकारण आहे, मनावर घेऊ नका’ असं उत्तर देणं निर्दयपणाचं आहे. मतदाराला समजून घेताना हे विसरलं तर ते समजून घेणं अर्धवटच राहतं.

गैरसमज : इथे सगळं जातीवर चालतं

उमेदवारी देताना सगळे पक्ष पोवार, कुणबी, तेली, बौद्ध, कोहळी अशी गणितं मांडतात, आणि त्यात तथ्यही असतं. पण मतदारसंघातल्या जाती पाच वर्षांत बदलत नाहीत. एका पक्षाची मतं मात्र पाच वर्षांत दोन लाखांनी खाली आणि अडीच लाखांनी वर गेली. हा चढउतार जातीने उलगडत नाही.

गैरसमज : १९७७ मध्ये जनतेने धडा शिकवला आणि १९८० मध्ये ती सगळं विसरली

ही गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तपासून पाहावीशीही वाटत नाही. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसला देशात ४३.७ टक्के मतं आणि ३५२ जागा मिळाल्या. आणीबाणीच्या शेवटी, मार्च १९७७ मध्ये, १५४ जागा. पण त्या वेळीही ३४.५ टक्के, म्हणजे तीनातल्या एका मतदाराने काँग्रेसलाच मत दिलं. आणीबाणी नुकतीच शिथिल झालेली, पुढारी तुरुंगातून नुकतेच सुटलेले, तरीही. उत्तर भारतात सक्तीच्या नसबंदीने घराघरात संताप होता, तिथे पक्ष जवळजवळ पुसला गेला. दक्षिणेत तो टिकला.

विदर्भातही बहुतेक जागा काँग्रेसने राखल्या. भंडाऱ्याने मात्र तेव्हा वेगळा कौल दिला आणि आमगावचे लक्ष्मणराव मानकर गुरुजी काँग्रेसच्या विरोधात निवडून आले. मग वर्षही उलटलं नाही तोच, १९७८ च्या विधानसभेत, नुकत्याच स्थापन झालेल्या इंदिरा काँग्रेसने विदर्भात मुसंडी मारली आणि भंडाऱ्याचे नाशिकराव तिरपुडे राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे केशवराव पारधी भंडाऱ्यातून खासदार झाले. देशात पक्षाला ३५३ जागा मिळाल्या, मतं ४२.७ टक्के.

हा विसराळूपणा मानला तर या मतदाराची स्मरणशक्ती अवघ्या तीन वर्षांची ठरते. पण त्या तीन वर्षांत त्याने जनता पक्षाची भांडणं पाहिली, सरकार कोसळताना पाहिलं, महागाई सोसली. १९७७ मध्ये त्याच्यासमोर आणीबाणी विरुद्ध सुटका असा पर्याय होता. १९८० मध्ये चालणारं सरकार विरुद्ध भांडणारं सरकार असा होता. आणीबाणी वाईट होती आणि आताचं सरकार निकामी आहे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी पटू शकतात. मला तर १९८० च्या मतदाराची अडचण १९७७ च्या मतदाराहून कठीण वाटते, कारण त्याला दोन चांगल्यांतून निवडायचं नव्हतं.

गैरसमज : विचारलं की लोक सांगतात

मागच्या वेळी मत कुणाला दिलं, असं निवडणुकीनंतर काही महिन्यांनी विचारलं तर विजेत्याचं नाव सांगणारे त्याच्या खऱ्या मतांपेक्षा जास्त निघतात. मतदारांच्या सर्वेक्षणांत हे अनेक देशांत दिसलं आहे. पुढे तोच नेता बदनाम झाला की ‘मी नव्हतं दिलं’ म्हणणारे वाढतात. लोक मुद्दाम खोटं बोलतात असं नव्हे. आठवण आजच्या मताशी जुळवून घेतली जाते, इतकंच.

ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा निर्णय चुकला असं म्हणणारे पुढे बहुसंख्य झाले. पण बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलेल्यांपैकी बहुतेक आपल्या मतावर कायम राहिले. कल झुकला त्यात नव्याने मतदार झालेल्या तरुणांचा वाटा मोठा होता. भंडारा-गोंदियातही २०१४ मध्ये आठ-दहा वर्षांची असलेली मुलं २०२४ मध्ये मतदार होती. ‘लोक बदलले’ म्हणताना कधी कधी माणसं तीच नसतात.

पश्चात्ताप पुढच्या पिढ्यांकडेही जातो. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून हरले. त्या वेळी जन्मलेलेही नव्हते अशांच्या तोंडून आज त्या पराभवाची खंत ऐकू येते.

गैरसमज : मतदार चंचल आहे

चंचल कोण, ते नावं पाहून ठरवा. नाना पटोले काँग्रेसमधून भाजपमध्ये आणि भाजपमधून परत काँग्रेसमध्ये. प्रफुल्ल पटेल २०१४ मध्ये मोदींच्या लाटेत हरले आणि २०२३ पासून मोदींच्या आघाडीत आहेत. मधुकर कुकडे आधी तुमसरचे भाजप आमदार, नंतर राष्ट्रवादीचे खासदार.

तुमसर विधानसभेचं उदाहरण तर सिहोऱ्याच्या मतदाराने स्वतः भोगलं आहे. २०१४ मध्ये इथे भाजपचे चरण वाघमारे आमदार झाले. २०१९ मध्ये पक्षाचं तिकीट न मिळाल्याने ते अपक्ष उभे राहिले आणि राष्ट्रवादीचे राजू कारेमोरे यांनी त्यांना हरवलं. राष्ट्रवादी फुटल्यावर, २०२४ मध्ये कारेमोरे अजित पवारांबरोबर, म्हणजे भाजपच्या मित्रपक्षात, आणि वाघमारे शरद पवारांच्या पक्षाचे उमेदवार. भाजपवर नाराज होऊन २०१९ मध्ये ज्याने कारेमोरेंना मत दिलं, त्याने २०२४ मध्ये काय करायचं? नाराजी कायम ठेवायची तर भाजपच्या जुन्या आमदाराला मत द्यावं लागणार होतं. अशा वेळी माणसाला धरून राहावं की बाजूला, हे ज्याचं त्याने ठरवलं. कारेमोरे मोठ्या फरकाने जिंकले.

गैरसमज : २०२४ मध्ये तरी पश्चात्ताप झालाच

लोकसभेला काँग्रेसचे प्रशांत पडोळे यांनी ५ लाख ८७ हजार मतं घेत मेंढेंना सुमारे ३७ हजारांनी हरवलं. या वेळी मात्र मतं खरंच सरकलेली दिसतात. भाजप एक लाखाने उतरला आणि विरोधकांच्या मुख्य उमेदवाराची मतं त्याहून अधिक वाढली. संविधानाच्या प्रश्नावर वंचित आणि बसपकडची काही मतंही काँग्रेसकडे वळली. धानाचा भाव हेही कारण होतं. छत्तीसगडमध्ये २०१८ पासून क्विंटलला २५०० रुपये मिळत होते, २०२३ मध्ये तिथे आणि मध्य प्रदेशातही ३१०० रुपयांचं आश्वासन दिलं गेलं, आणि महाराष्ट्रात त्या हंगामाचा हमीभाव २१८३ होता. बावनथडीच्या अलीकडच्या काठावर, नातीगोती पलीकडे असलेल्या गावांत, ही तुलना कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पण जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला आणि नोव्हेंबरमध्ये याच मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा महायुतीने जिंकल्या. साकोली काँग्रेसकडे राहिली, तीही नाना पटोले यांना अवघ्या २०८ मतांनी. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये सुरू झाले होते. पाच महिन्यांत पश्चात्ताप होऊन तो मिटलाही असं मानायचं, की दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं मिळाली असं? मला दुसरं पटतं.

हे कुणालाही स्वतः तपासता येतं. प्रत्येक निवडणुकीनंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता, म्हणजे फॉर्म २०, प्रसिद्ध होतो. सिहोरा परिसरातल्या केंद्रांचे २०१४, २०१९ आणि २०२४ चे तक्ते शेजारी ठेवा, २०१८ च्या पोटनिवडणुकीचाही घ्या. केंद्रांचे क्रमांक मधे बदलतात, म्हणून गावाच्या आणि शाळेच्या नावाने जुळवा. आधी एकूण किती मतं पडली ते पाहा, नंतर कुणाला किती पडली ते. पक्षाची मतं घटली आणि एकूण मतंही तेवढीच घटली असतील, तर त्या गावातली माणसं बहुधा कुठेही गेलेली नाहीत. ती त्या दिवशी केंद्रावर आली नाहीत, आणि का आली नाहीत हे त्यांच्याच ओसरीवर जाऊन विचारावं लागेल.