अँड्र्यू जॅक्सनचा नकाराधिकार

जुलै १८३२. अमेरिकेत निवडणूक चार महिन्यांवर आली होती आणि 'सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'ची सनद वाढवून देणारं विधेयक राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी आलं होतं. खरं तर सनद संपायला चार वर्षं बाकी होती. पण ऐन निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन एवढ्या बलाढ्य बँकेला दुखावणार नाही, असा बँकेचे अध्यक्ष निकोलस बिडल आणि विरोधी नेते हेन्री क्ले यांचा हिशेब होता.

हिशेब साफ चुकला. १० जुलैला जॅक्सनने नकाराधिकार वापरला. धनिक आणि बलवान मंडळी सरकारला मतलबासाठी वाकवतात आणि शेतकरी, कारागीर, मजूर तोंडाकडे पाहत राहतात, अशा आशयाचं त्याचं निवेदन म्हणजे जवळजवळ प्रचारसभेतलं भाषणच होतं. आरोपात तथ्यही होतं: बँकेत सरकारचा वाटा अवघा पंचमांश, पण सरकारी पैसा सगळा तिच्याच तिजोरीत. क्लेने निवडणूक याच मुद्द्यावर लढवली आणि इलेक्टोरल मतांत २१९ विरुद्ध ४९ असा सपाटून मार खाल्ला.

जॅक्सनमागे उभा राहिलेला मतदार नवा होता. १८२४ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास मतं पडली होती, १८२८ मध्ये अकरा लाखांवर. मतदानासाठी मालमत्तेची अट राज्यांनी एकेक करून काढून टाकली होती. त्याचं श्रेय जॅक्सनला देण्याची प्रथा आहे, पण ते काही खरं नाही. शिवाय हा मतदार गोरा पुरुषच होता. टेनेसीतल्या 'हर्मिटेज' मळ्यावर जॅक्सन स्वतः गुलाम राबवत होता.

जनतेच्या नावाने अधिकार मात्र त्याने भरपूर वापरले. आधीच्या सहा राष्ट्राध्यक्षांनी मिळून दहा विधेयकं अडवली होती, या एकट्याने बारा. १८३३ मध्ये बँकेतून सरकारी ठेवी हलवायला अर्थमंत्री विल्यम डुएन तयार होईना, तर त्यालाच घरी बसवलं. ठेवी मर्जीतल्या बँकांत गेल्या, कागदी पैसा सुटला, जमिनींचा सट्टा माजला. मग १८३६ मध्ये सरकारी जमिनीला सोन्याचांदीतच मोल मोजा, असा हुकूम निघाला. मे १८३७ मध्ये न्यू यॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणं थांबवलं. तोवर जॅक्सन निवृत्त झाला होता; निस्तरायचं त्याच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या वाट्याला आलं. त्यानंतर अमेरिकेला मध्यवर्ती बँक मिळायला १९१३ साल उजाडलं.

कायद्याबाबतचा जॅक्सनचा दुटप्पीपणा १८३२ या एकाच वर्षात उघडा पडला. साउथ कॅरोलायनाने केंद्राचं आयातशुल्क धुडकावलं तेव्हा त्याने सैन्याची धमकी दिली. त्याआधी मार्चमध्ये, चेरोकी या आदिवासी जमातीच्या प्रदेशात जॉर्जिया राज्याचे कायदे लागू नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. जॉर्जियाने तो जुमानला नाही. जॅक्सन गप्प राहिला.

चेरोकींकडे लेखी राज्यघटना होती, स्वतःची लिपी होती, वर्तमानपत्र होतं. तरी आदिवासींना मिसिसिपी नदीपार हलवण्याचा कायदा १८३० मध्ये प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी निसटता पार झाला. १८३५ मध्ये चेरोकींच्या एका छोट्या गटाने प्रदेश सोडून देणाऱ्या न्यू एचोटाच्या करारावर सह्या केल्या. प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकींना तो मान्य नव्हता. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना पश्चिमेकडे हाकलण्यात आलं. त्यातले चार हजारांच्या आसपास मेले. सैन्य पाठवलं व्हॅन ब्युरेनने. कायदा आणि करार दोन्ही जॅक्सनचे.